हिल्डा नांगालाची चूक

हिल्डा नांगालाचा जन्म एक जुलैला झाला, असं सरकारचं म्हणणं आहे. वाळवंटातल्या आदिवासींच्या वाताकुरा वस्तीतल्या तिच्या वयाच्या झाडून सगळ्या बायका एक जुलैलाच जन्मल्या. सरकारी कारकून पहिल्यांदा नावं लिहायला आला तेव्हा त्याला परतायची घाई होती, आणि तारीख विचारली की बायका हसत सुटायच्या. हिल्डाला स्वतःला ठाऊक आहे ते एवढंच, की रानरताळी निघतात त्या दिवसांत, कोरड्या नदीच्या वाळूत ती जन्मली आणि तिच्या आईने त्याच दुपारी अर्धी घोरपड संपवली. हे मात्र कोणी लिहून घेतलं नाही.

पुढचं आयुष्यही असंच, लिहिणाऱ्यांच्या हाती न लागलेलं. लहानपणी ती आईबापामागे पाण्यापासून पाण्यापर्यंत चालली. पोरवयात गोऱ्यांच्या गुरांच्या वाड्यावर कपडे धुतले. लग्न झालं, चार पोरं झाली, नवरा गेला. मग पन्नाशीच्या आसपास, शाळेच्या भिंती रंगवून उरलेला रंग मास्तरणीने बायकांना वाटला आणि हिल्डाने एका दारावर बापाच्या जमिनीच्या गाण्यातल्या दोन बायांची पायवाट रंगवली. ते दार आता कुठल्याशा संग्रहालयात काचेमागे उभं आहे. ज्या खोलीचं ते होतं तिला अजून दुसरं दार बसलेलं नाही.

शहरातली पुस्तकं हिल्डाला 'वाळवंटातली एकाकी प्रतिभा' म्हणतात. एकाकी म्हणे! या बाईला जन्मात कधी एकटीने चहासुद्धा प्यायला मिळालेला नाही. कॅनव्हास अंगणात जमिनीवर अंथरलेला, त्यावरून कुत्री बिनदिक्कत चाललेली, डावीकडे पत्त्यांचा डाव, उजवीकडे शेकोटीच्या राखेत कांगारूचं शेपूट भाजत पडलेलं, नातवंडांचं रडणं, आणि समोरच्या कडेला, नेहमी त्याच जागी, पाय लांब पसरून बसलेली एडना नापानांका. प्रतिभेला एवढी गर्दी चालत असेल तर चालो बापडी.

एडना ही हिल्डाची आतेबहीण. वीस वर्षं ती त्या कडेला बसली, पण ब्रश तिने कधी हातात धरला नाही. तिचं काम चुका काढण्याचं.

हे काम कोणी हौसेने पत्करत नाही, ते जन्माने गळ्यात पडतं. बापाकडून जी जमीन येते तिची तुम्ही धनीण. आईकडून जी येते तिची राखणदारीण. धनिणीने त्या जमिनीचं गाणं गायचं, चित्र काढायचं. राखणदारिणीने शेजारी बसून ती कुठे चुकत तर नाही ना हे बघायचं. चित्र म्हणजे इथला सातबाराच, फक्त तलाठ्याला खाडाखोड करता येत नाही असा. धनीण चुकली तर तिला बोल लागतोच, पण अब्रू जाते ती राखणदारिणीची. हिल्डाच्या बापाची जमीन म्हणजे पाच कुंडांची, खडकातल्या पाच पाणवठ्यांची. एडनाची आई त्याची सख्खी बहीण. तेव्हा हिल्डाने ठिपके द्यायचे आणि एडनाने बोलणी, असा तो जन्माचा करार होता.

त्या पाच कुंडांवरून पूर्वी, जमीन घडत होती त्या काळी, दोन बाया रताळी खणत गेल्या आणि वाटभर भांडत गेल्या. चित्र त्यांचंच.

"अगं ए नांगाला, तिसऱ्या कुंडापाशी बाया बसल्या ना? मग त्यांच्या ढुंगणांच्या खुणा कुठंयत?" एडना विचारायची.

"काढते की. रंग तर वाळू दे."

"रंग! कुत्रं अंगण ओलांडेपर्यंत वाळतो तुझा रंग. मला शिकवतेस? त्या बिचाऱ्या खणून खणून थकल्यात आणि ही त्यांना ताटकळत उभं करतेय."

मग हिल्डा वाळूवर बसल्याच्या दोन वाटोळ्या खुणा काढायची, एडना मान वाकडी करून बघायची, शेपटाचा एक तुकडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "हं." हा 'हं' मिळाल्याशिवाय हिल्डाचं एकही चित्र अंगणाबाहेर गेलं नाही. कला केंद्र त्यावर अस्सलपणाचा दाखला चिकटवायचं, शिक्क्यासकट. खरा दाखला मात्र अंगणात बसून हाडूक चोखत असायचा.

मग ते पुस्तक आलं.

हिल्डाच्या चित्रांचं शहरात मोठं प्रदर्शन झालं आणि त्याचं हे जाडजूड, गुळगुळीत पुस्तक निघालं. कला केंद्र चालवणारी फिलिपा ते मिरवत घेऊन आली. फिलिपा मेलबर्नची. वस्तीत तीन वर्षं काढून तिने भाषा शिकली होती, निदान बायकांना हसवण्यापुरती तरी. पोरगी मनाची चांगली. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हिल्डाचा फोटो होता, अंगणात, कॅनव्हासपाशी, मान खाली घालून रंगवताना. सगळ्या बायका गोळा झाल्या. वाहवा झाली. एडनाने पुस्तक मांडीवर घेतलं, फोटो जवळ धरला, लांब धरला, आणि मग फोटोच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

सगळ्या वाकल्या. कोपऱ्यात एक पाऊल होतं. भेगा पडलेली टाच, वाकडा अंगठा. बाकीची एडना कापून टाकली होती.

"ते... मांडणी करणाऱ्यांनी केलंय," फिलिपा लाल होत म्हणाली. "त्यांना चित्र मोकळं दिसायला हवं होतं."

एडनाने पुस्तक मिटलं आणि शांतपणे खाली ठेवलं. ती ओरडली असती तर हिल्डाला बरं वाटलं असतं. ओरडणारी एडना म्हणजे रोजचं हवामान. गप्प बसलेली एडना हिल्डाने जन्मात दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा कोणीतरी मेलं होतं.

त्यात दवाखान्याच्या नर्सने रक्त तपासलं आणि एडनाची मूत्रपिंडं बसल्याचं सांगितलं. आता जगायचं तर अॅलिस स्प्रिंग्जला राहायचं, चारशे मैल कच्च्या रस्त्याने, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत पडून रक्त धुऊन घ्यायचं. वस्तीतली कितीतरी माणसं अशी गेली होती. इथे त्यांची घरं होती, कुत्री होती, माणसं तिकडे यंत्राला बांधलेली. एडनाने एक घोंगडी घेतली, रताळी खणायची काठी घेतली, गाडीत बसली. हिल्डा दाराशी उभी होती. एडनाने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर हिल्डाचा ब्रश थांबला.

लोकांना वाटलं, बाई रुसली. रुसायचा प्रश्नच नव्हता. राखणदार नाही तर चित्र नाही, एवढं सरळ होतं. हिल्डा कॅनव्हास अंथरायची, रंगाचे डबे उघडायची, समोरच्या रिकाम्या कडेकडे बघायची आणि डबे परत लावायची. ती सांगायची नाही, पण तिला एडनाची एवढी आठवण यायची की शेपटाचा शेवटचा तुकडा ती तसाच राखेत ठेवायची, आणि मग तो कुत्री न्यायची.

फिलिपाचा जीव टांगणीला लागला. शहरातल्या चित्रदालनाच्या मालकाला, ग्रेगरीला, मोठ्या स्पर्धेसाठी हिल्डाची दोन चित्रं हवी होती. फिलिपा हिल्डाच्या मुलीकडे, शरीनकडे गेली. शरीनचीही आईची जमीन तीच, म्हणजे हक्काने तीही राखणदारच.

"तू बसशील का आईशेजारी?"

"मी?" शरीन म्हणाली. "मी डार्विनच्या शाळेत वाढले. मला विचारशील तर पाचही कुंडं सारखीच दिसतात. एडना मावशीला कळलं तर माझ्या डोक्यात काठी घालेल. आधी माझ्या, मग तुझ्या."

मग फोनचा मार्ग काढला. एडना अॅलिस स्प्रिंग्जला ज्या वसतिगृहात राहत होती तिथे फिलिपाने फोन लावला, पडद्यावर एडनाचा चेहरा येईल अशी व्यवस्था केली. पलीकडून वसतिगृहाची बाई तेवढी दिसली. ती ओशाळून म्हणाली, "त्या येत नाहीत. निरोप दिलाय. म्हणाल्या, पुस्तकात माझा पाय छापलाय ना, जे काय विचारायचं ते त्या पायाला विचारा."

वस्तीभर हसू पसरलं. हिल्डाही हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसली.

हिल्डा चार दिवस विचार करत होती. पाचव्या दिवशी तिने कॅनव्हास अंथरला.

तिचा हिशेब साधा होता. राखणदारीण रुसेल, रागावेल, फोनवर येणार नाही. पण धनीण जमीन चुकीची काढतेय हे दिसल्यावर जी राखणदारीण गप्प बसेल ती राखणदारीण कसली? तिला यावंच लागतं. अब्रूचा मामला. तेव्हा एडनाला आणायचं तर चूक करायला हवी. मुद्दाम, डोळे उघडे ठेवून.

पण किती मोठी? इथेच खरी मेख होती. फार लहान चूक केली तर एडना म्हणेल, म्हातारी झाली नांगाला, हात कापतोय. फार मोठी केली तर जमीन कोपेल. कोणाचा पाय मोडेल, कोणाचं पोर तापेल, पाणीच आटेल. हिल्डा जन्मभर बरोबर काढत आली होती. चूक करायची कला तिला कोणी शिकवली नव्हती. शेवटी तिने तिसऱ्या कुंडापासून दोन बायांना डावीकडे न्यायच्या ऐवजी उजवीकडे नेलं. पहिली पावलं काढून झाल्यावर तिने सवयीने समोरच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं.

म्हाताऱ्या बायका येऊन बघून गेल्या. कोणी तोंडावर बोललं नाही, कारण बोलायचा अधिकार ज्या एकीचा ती शहरात होती. पण त्या रविवारी हिल्डाकडे कोणी मांस पाठवलं नाही.

चित्र गाडीतून गेलं. ग्रेगरीने ते पाहिलं आणि फिलिपाला भलं मोठं पत्र लिहिलं. हिल्डाच्या कामात 'नव्या पर्वाची चाहूल' लागली होती. चित्रात 'एक अस्वस्थ, धाडसी वळण' होतं. वळण होतंच. त्या वळणाने गेलेल्या बाया दोन दिवसांत तहानेने मेल्या असत्या, पण ग्रेगरीला हे कसं कळावं? हा माणूस मागे एकदा वस्तीत आला होता, तेव्हा दुकानातून कला केंद्रात जायला त्याला मोबाईल बघावा लागला होता. मधे रस्ता एकच आहे.

एडनाकडून काही नाही. ना फोन, ना शिवी.

"पाहिलंच नसेल तिने," शरीन म्हणाली.

"मग दिसेल असं काढते," हिल्डा म्हणाली.

दुसरं चित्र भिंतीएवढं होतं. हिल्डाने त्यात पहिलं कुंड दुसऱ्याच्या जागी नेलं, दुसरं पहिल्याच्या, बायांना उलट्या दिशेने चालवलं आणि रताळ्यांची वेल जिथे नुसता खडक आहे तिथे पसरली. नांगालाच्या हाताने असं काही निघू शकतं यावर तिचाच विश्वास बसेना. कुंड हलवताना ती हळू आवाजात त्या दोघींची माफी मागत होती. त्याच आठवड्यात फुटबॉल खेळताना तिच्या पुतण्याचा पाय मोडला आणि सगळी वस्ती तिच्याकडे बघू लागली. पोरगा दरवर्षीच काही ना काही मोडून घेतो, पण यंदा त्याला कारण मिळालं.

"आई, पुरे आता," शरीन म्हणाली. "लोक काय म्हणतायत ऐकलंस का?"

"लोक म्हणतायत ते बरोबरच आहे. ज्या बाईने म्हणायला हवं ती म्हणत नाही, तिचं काय करू?"

त्या चित्राला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

हिल्डाला विमानाने नेलं, नवा फुलाफुलांचा झगा दिला. कॅमेऱ्यासमोर कोणी विचारलं, "या चित्रातून आपल्याला काय सांगायचंय?" हिल्डा म्हणाली, "बघणारीला कळेल." टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणाले, किती गूढ बोलल्या. ती तर निरोपावरचा पत्ता सांगत होती.

पुढची हकिगत हिल्डाला नंतर नर्सने सांगितली. बुधवारची दुपार होती. डायलिसिसच्या खोलीत बारा खुर्च्या, बारा माणसं, भिंतीवर टीव्ही. एडना दोन नळ्या दंडाला लावून पडली होती, सुटायला अजून चार तास होते. टीव्हीवर बातम्या लागल्या आणि भिंतीएवढं चित्र आलं, पुढ्यात फुलाफुलांच्या झग्यातली हिल्डा दात काढून उभी.

"चूक!" एडना ओरडली. "चूक! सगळं चुकलंय!"

नर्स धावत आली. तिने नळ्या बघितल्या, आकडे बघितले, यंत्राला दोनदा थापटलं. "काय चुकलंय, मावशी? यंत्र तर बरोबर चाललंय."

"यंत्राला काय धाड भरलीये? त्या बाईला बघ! पहिलं कुंड कुठं नेऊन ठेवलं बघ! आणि टाळ्या वाजवतायत मेले!"

चार तास. उठता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि बातम्या दर तासाला तेच चित्र दाखवतायत. त्या दिवशी एडनाचा रक्तदाब कागदावर मावला नाही, असं नर्स म्हणाली.

शुक्रवारचं यंत्र आटोपून एडना वस्तीच्या गाडीत बसली. सोमवारच्या यंत्राच्या आत परतायचं होतं. शनिवारी सकाळी ती हिल्डाच्या अंगणात उतरली, एका हातात काठी, दुसऱ्यात घोंगडी. अर्धी झाली होती. दंड सुजलेला. पण तोंड शाबूत होतं.

वस्तीने असं बोलणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. एडनाने हिल्डाच्या बापापासून सुरुवात केली, तो किती सज्जन आणि त्याच्या पोटी हे काय निपजलं, तिथून ती डोळ्यांवर आली, हातांवर आली, अकलेवर आली. पत्ते थांबले. कुत्री गाडीखाली गेली. "उलट्या चालवल्यास! दोन म्हाताऱ्या बायकांना, एवढ्या उन्हात, उलट्या! त्यांना काय तुझ्यासारखं विमान आहे?" म्हाताऱ्या बायका समाधानाने माना डोलवत होत्या. कोणीतरी जाऊन हिल्डासाठी मांस घेऊन आली.

हिल्डा मान खाली घालून बसली होती. तिला इतकं बरं वाटत होतं की चेहरा लपवावा लागत होता.

बोलून दम लागला तेव्हा एडना धपकन कॅनव्हासच्या कडेला बसली. तिच्याच जागी. तिने बोटाने वाळूवर पाच कुंडं काढली, वाट काढली. मग आवाज खाली आणून, फक्त हिल्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिलं हलवलंस, दुसरं हलवलंस. बाया उलट्या फिरवल्यास. पाचवं मात्र जागेवर ठेवलंस."

पाचवं कुंड म्हणजे कधी न आटणारं पाणी. दोघींच्या नात्याचं मूळ तिथलं.

"ठेवलं," हिल्डा म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम केलंस."

"मुद्दाम."

"आणि मी आलेच नसते तर?"

"अजून मोठी चूक केली असती."

एडनाने काठी उचलली, जरा वेळ विचार केला आणि परत खाली ठेवली. "बावळट बाई," ती म्हणाली. "चहा कर. साखर मला चालत नाही म्हणतात, तेव्हा चारच चमचे घाल."

त्या दोन दिवसांत बरोबर चित्र सुरू झालं. अर्धं झालं तोवर रविवार आला. गाडी निघायच्या वेळी हिल्डाने कॅनव्हास गुंडाळला, रंगाचे डबे गोणीत भरले आणि एडनाच्या शेजारी जाऊन बसली.

शहरात नदीकाठच्या एका भाचीकडे दोघींनी पथारी टाकली. यंत्राच्या खोलीत कॅनव्हास एडनाच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. नर्सने वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना, आणि उत्तर येईपर्यंत दोन कुंडं रंगवून झाली होती. फिलिपा येऊन बघून गेली. तिने ग्रेगरीला फोटो पाठवला. ग्रेगरीने कळवलं की हे चित्र सुंदर आहे, पण 'जुन्या सुरक्षित वाटेवर माघार' वाटते. हिल्डाने बक्षिसाच्या चित्रासारखं आणखी काही करावं. फिलिपाने दोघींना ते वाचून दाखवलं. एडना इतकी हसली की यंत्राची घंटी वाजली. पुढच्या पुस्तकासाठी म्हणून फिलिपाने त्या खोलीत एक फोटो काढला, आणि काढण्याआधी चार पावलं मागे गेली, एडना टाचेपासून डोक्यापर्यंत मावेल इतकी. एडनाने ते पाहिलं. मग पदर सारखा करावा तशी तिने घोंगडी नीट करून घेतली.

चित्र तीन आठवड्यांत संपायला हवं होतं. चौदा महिने चाललं. सोमवारी हिल्डा यायची, एडनाने सांगितलेली चूक दुरुस्त करायची. बुधवारी एडनाला दुसरी सापडायची. ही वेल बारीक आहे. ती बाई जाड आहे. हा ठिपका जरा रागावल्यासारखा दिसतो. हिल्डाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं की चित्रात एकही चूक उरलेली नाही. ती मुकाट्याने ठिपके द्यायची. चुकीच्या निमित्ताने बोलावून घेण्याची विद्या कोणाकडून कोणाकडे गेली हे दोघींनाही माहीत होतं.

त्या खोलीतली माणसं मधूनमधून यायची थांबत. पुरे झालं यंत्र, असं म्हणून कोणी घरी जाई, आपल्या वाळूत. त्यानंतर माणूस आठ-दहा दिवस काढतो, हे बाराही खुर्च्यांना पाठ होतं. एडनाच्या डावीकडची खुर्ची तशीच रिकामी झाली, मग उजवीकडची.

एका शुक्रवारी हिल्डा आली, ब्रश ओला केला आणि विचारलं, "आज काय?"

एडनाने पाचही कुंडांवरून एकदा नजर फिरवली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ती म्हणाली, "हं."

हिल्डाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"झालं," एडना म्हणाली. "बरोबर आहे. कुठंच चूक नाही. आज वस्तीची गाडी आहे, मी घरी जाते."

"आणि सोमवारी परत?"

एडनाने नळ्या नसलेला हात उचलला आणि बोटं हळूच उलटी केली. नाही.

हिल्डा उभी राहिली. तिला रडू आलं नाही, तिला भयंकर राग आला. वीस वर्षं जी बाई एक ढुंगणाची खूण इकडची तिकडे होऊ देत नव्हती, तिने आज एका 'हं'मध्ये सगळं उरकावं? आणि मागे उरायचं कोणी? हिल्डाने ब्रश पिवळ्या डब्यात गच्च बुडवला, भिंतीपाशी गेली, आणि पाचव्या कुंडात, कधी न आटणाऱ्या त्या पाण्याच्या ऐन मधोमध, एडनाच्या डोळ्यांदेखत, अंगठ्याएवढा ठिपका ठोकला.

खोलीत कोणीतरी श्वास ओढला.

"पाण्यात!" एडना उठायला गेली, नळ्या ताणल्या. "अगं, पाण्यात घाण केलीस!"

"केली."

"पूस! आत्ताच्या आत्ता पूस!"

"राखणदारीण समोर असल्याशिवाय पाण्याला हात कसा लावू?"

"मी समोर आहे ना मेले! सांगते, पूस!"

"आता रंग ओला आहे, फासला जाईल. वाळू दे."

"कधी वाळणार?"

"सोमवारी."

रंग ठिपका देता देता वाळायला लागला होता. हिल्डाला ते माहीत होतं, आणि वीस वर्षं त्या रंगाशेजारी बसलेल्या एडनाला तिच्याहून जास्त माहीत होतं. एडनाने ठिपक्याकडे पाहिलं. मग हिल्डाकडे पाहिलं. हिल्डा रंगाचे डबे तिच्याच खुर्चीखाली लावून ठेवत होती, सोमवारसाठी.

"नर्स," एडना शेवटी म्हणाली, "सोमवारची माझी खुर्ची कोणाला देऊ नका. या बाईने पाणी नासवलंय."